बारा मीटरचं अंतर

गजर पावणेचारचा. पण माझ्या आधी आईच जागी असायची. आमची खोली दहा बाय बाराची, वर पोटमाळा. गजर एकाचा आणि झोपमोड चौघांची. एकदा ती अंथरुणातूनच म्हणाली, "तुझे वडीलही असेच अंधारात उठायचे, पहिल्या पाळीला. पण त्यांना गिरणी पगार द्यायची. तू उलटा पैसे भरून जातोस."

मी बुटाच्या नाड्या बांधत गप्प राहिलो. बायको म्हणाली, "अहो, जाताना दार हळू लावा." तेवढीच तिची परवानगी.

पैसे भरले होते ते गोव्याच्या 'आयर्नमॅन ७०.३'चे. हा आकडा मैलांचा. आपल्या हिशेबात ११३ किलोमीटर: १.९ समुद्रात पोहायचं, ९० सायकल, २१.१ धावायचं, आणि सगळं मिळून साडेआठ तासांत. पाण्यातून ७० मिनिटांत बाहेर आला नाहीत तर सायकलला हातही लावू देत नाहीत. याच्या दुप्पट ती पूर्ण आयर्नमॅन. १९७८ मध्ये हवाईत पंधरा जण तिच्या पहिल्या सुरुवातीला उभे राहिले आणि बारा शेवटपर्यंत पोचले. तीन जणांनी सोडून दिली, ही माहिती मला त्या तीन वर्षांत फार आधाराची वाटत आली.

तीन वर्षं, कारण मिरामारला पहिली स्पर्धा झाली २०१९च्या ऑक्टोबरात. तिचा व्हिडिओ मास्तरने मला दाखवला आणि आम्ही उतरलो २०२२च्या नोव्हेंबरात. मधली दोन वर्षं करोनाने खाल्ली. मास्तर म्हणजे माझा बालमित्र. एकाच चाळीत वाढलो; तो आता गिरगावात राहतो आणि परळच्या एका शाळेत गणित शिकवतो. मी फोर्टातल्या बँकेत. व्हिडिओ पाहिला तेव्हा मी सेहेचाळीसचा, तो सत्तेचाळीसचा. दोघांनाही पोहता येत नव्हतं.

दादरला शिवाजी पार्काजवळचा महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आम्ही गाठला. याच तलावात लहानपणी पोहलेला मिलिंद सोमण २०१५ मध्ये झुरिकला पूर्ण आयर्नमॅन झाला, तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. मास्तर हे येईल त्याला सांगायचा, जणू पाण्याचाच गुण. आम्हाला मात्र उथळ बाजूला पोरांच्या रांगेत उभं केलं. माझ्या शेजारी फळी धरून पाय मारणारी मुलगी असेल सातेक वर्षांची. तिने विचारलं, "काका, तुम्हाला पण आईने पाठवलंय?"

श्वास हीच खरी अडचण. हातपाय महिन्याभरात वळणावर येतात, पण तोंड पाण्यात असताना हवा सोडायची आणि मान वळली की घ्यायची, हे चाळिशी उलटलेल्या माणसाच्या शरीराला पटतच नाही. ते श्वास धरून ठेवतं. पंचवीस मीटरला छाती फुटायला येते आणि आपण दांडीला लटकतो. मी चार महिने दांडीला लटकलो. जरा जमायला लागलं तोवर मार्च २०२० उजाडला आणि तलावाला कुलूप लागलं. पुन्हा उघडल्यावर पहिल्यापासून सुरुवात. पन्नास मीटरच्या अडतीस फेऱ्या, म्हणजे १.९ किलोमीटर, न थांबता पहिल्यांदा झाल्या त्या दिवशी मास्तरने दादर स्टेशनबाहेर मला दोन वडापाव खायला घातले आणि स्वतः तीन खाल्ले.

तलावाच्या तळाला काळी रेघ असते, ती धरून माणूस सरळ जातो. समुद्रात रेघ नाही. आम्ही भरतीचं वेळापत्रक बघून रविवारी गिरगाव चौपाटीला उतरायचो. स्वतःचं कोपर दिसणार नाही असलं पाणी, हाताला मधूनच निर्माल्य नाहीतर प्लास्टिकची पिशवी. मास्तर या चौपाटीपासून दहा मिनिटांवर राहतो, पण त्याच्या लेखी समुद्र म्हणजे गणपती सोडायची जागा, आपण उतरायची नव्हे. २०१३ला दीड दिवसाच्या विसर्जनात इथेच कितीतरी लोकांना पाकटांनी डंख मारले होते, ते तो दर रविवारी कपडे काढता काढता आठवायचा. नांगरलेली एखादी होडी हेरायची आणि आठ-दहा हात मारले की डोकं वर काढून ती बघायची, अशी पद्धत ठरली. पहिल्या दिवशी मास्तरने डोकं वर काढलंच नाही. सरळ रेषेत पोहतोय अशा खात्रीने तो मलबार हिलच्या दिशेने निघाला. हाका मारून माझा घसा बसला. गणिताचा मास्तर, आणि कोन चुकला.

सायकलीचं गणित वेगळं. मुंबईत सायकलला रस्ता नसतो, वेळ असते. पहाटे सव्वाचार ते सहा, त्यानंतर रस्ता टेम्पो आणि बसवाल्यांचा. आम्ही लालबागला भारतमाता सिनेमासमोर भेटायचो. परळ ओलांडताना टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर माणसं झोपलेली असायची. उशाला एक्स-रेची पाकिटं, डोक्याशी पाण्याची बाटली. गावाहून पेशंट घेऊन आलेली. आम्ही रंगीत, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, अठ्ठेचाळीस हजारांच्या जुन्या बाजारातल्या सायकलींवरून त्यांच्यासमोरून जायचो. तिथे दोघंही बोलायचो नाही. पुढे दादरला केशवसुत पुलाखाली झेंडूचे भारे उतरत असायचे, तो वास आला की मास्तरचं तोंड सुरू व्हायचं ते सायन, मुलुंड, ठाणे करत पडघ्यापर्यंत. जाऊन येऊन शंभरावर किलोमीटर. खिशात उकडलेले बटाटे मीठ लावून, शेंगदाण्याची चिक्की आणि बाटलीत मीठ घातलेलं कोकम. गोड जेलच्या पुड्या आम्हीही आणून पाहिल्या. मास्तरला त्या खाल्ल्यावर दाढीचा साबण गिळल्यासारखं वाटायचं.

एका पहाटे ठाण्याच्या अलीकडे एक टेम्पो मास्तरला घासून गेला. हँडलचं टोक वाकलं, कोपर सोललं, बाकी काही नाही. त्याच्या मागच्या लाल दिव्याची बॅटरी संपलेली होती आणि ती संपल्याचं मला आदल्या आठवड्यापासून माहीत होतं. सांगायचं राहून गेलं होतं. त्याने मला एका शब्दानेही विचारलं नाही. त्या दिवसापासून त्याच्या दिव्याची बॅटरी मीच बदलतो.

गणपतीत सराव होईल असं मानणारा माणूस लालबागचा नव्हे. २०२२चा उत्सव करोनानंतरचा पहिला मोकळा उत्सव, त्यामुळे दोन वर्षांची गर्दी एकदम आलेली. पहाटे चार वाजता सायकल खांद्यावर घेऊन दर्शनाच्या रांगेच्या बाजूने निघालो तर शिट्टी वाजली. मंडळाच्या कार्यकर्त्याने आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "काका, नवसाची की मुखदर्शनाची?" मास्तर म्हणाला, "नवसाचीच. नोव्हेंबरला फेडायचाय." पोरगा हसला, पण सोडलं नाही. घरी परत येऊन झोपलो. दहा दिवस जिना चढणं-उतरणं एवढाच व्यायाम.

आता बारा मीटरचं. महामार्गावर आम्ही आळीपाळीने पुढे व्हायचो. पुढच्याच्या चाकाआड राहिलं की वारा लागत नाही, मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. दोघांची सवय इतकी झाली की त्याचा खांदा जरा हलला तरी मला पुढचा खड्डा कळायचा. आणि स्पर्धेचे नियम नीट वाचल्यावर कळलं की नेमकं हेच तिथे चालत नाही. दोन सायकलींच्या पुढच्या चाकांमध्ये बारा मीटर अंतर हवं. जवळ जायचं ते ओलांडण्यापुरतं, तेही पंचवीस सेकंदांत. नाहीतर दंड. मी हिशेब केला, बेस्टची मोठी बस साधारण तेवढीच लांब असते. मास्तर म्हणाला, "म्हणजे आपल्या दोघांत एक बस." मग त्यानेच अट घातली: गोव्यात कोणी कोणासाठी थांबायचं नाही. मी लगेच हो म्हटलं. मनात हेच होतं की मागे राहणार तो मीच.

मिरामारचं पाणी लांबवर उथळ. बरंच अंतर चालून मग पोहायला लागावं लागतं. सुरुवात एकदम सगळ्यांची नव्हती. चार-चार, पाच-पाच जणांना सोडत होते, आणि पायाला बांधलेल्या पट्टीतली चिप प्रत्येकाचा वेळ वेगळा मोजत होती. मास्तर माझ्या शेजारीच होता. त्याचे ओठ हलत होते. स्तोत्र असावं, किंवा शिव्या. पाण्यात शिरलो आणि कोणाची तरी लाथ माझ्या गॉगलवर बसली. एका डोळ्यात खारं पाणी घेऊन बाकीचं अंतर काढलं. गिरगावची सवय कामाला आली: काही दिसत नाही याची भीती अशी वाटलीच नाही. ६४ मिनिटं. मी कपडे चढवून सायकलपाशी उभा राहून वळून बघत राहिलो. थांबायचं नाही ठरलं होतं, पण मी बुटात गेलेली वाळू झटकतोय असं स्वतःला सांगत होतो. तो आला ६८व्या मिनिटाला, डोळे लाल, तोंडभर हसू. मी निघालो.

सायकलवर तो माझ्यापेक्षा नेहमीच चांगला. चढावर मला ओलांडताना "बस सांभाळ रे!" एवढंच ओरडला आणि बघता बघता बसच्या कितीतरी पुढे गेला. दोन वर्षं ज्याच्या पाठीकडे बघत शेकडो किलोमीटर काढले, ती पाठ दिसेनाशी झाली. मग एकटंच राहणं आलं. वारा समोरून. चिक्की घामाने पुडीला चिकटलेली. ९० किलोमीटरला मला ३ तास ४८ मिनिटं लागली, त्याला ३ तास ३२.

धावायला लागलो तेव्हा ऊन टाळूवर. नोव्हेंबर असला तरी दुपारचा गोवा दमट, घाम वाळतच नाही. पाण्याच्या टेबलावर बर्फ मिळाला की तो टोपीत भरायचा, टोपी डोक्यावर, तो वितळेपर्यंत पुढचं टेबल. दोनापावलाच्या बाजूला झाडाची सावली आली की लोक मुद्दाम रस्त्याची कड बदलत होते. दुसऱ्या फेरीत मला पुढे मास्तर दिसला. चालत होता. उजव्या पोटरीत गोळा आलेला, पाऊल टाकताना टाच टेकत नव्हती.

धावताना बारा मीटरचा नियम नसतो. शेजारी चालायला कोणाची हरकत नव्हती. मी चाललोही, एक टेबल ते पुढचं टेबल. मिठाची गोळी त्याच्याकडे होती, त्याने घेतली. घड्याळ बघून तो म्हणाला, "मला जमेल, दहा मिनिटं शिल्लक राहतील. तुझी लय बिघडतेय, तू जा." मी म्हटलं, चालू दोघं. तर वर्गात पोरावर ओरडतो तसा ओरडला, "जा म्हणतो ना!"

मी गेलो.

त्याचं गणित बरोबर होतं हे मला माहीत होतं, पण खरं सांगायचं तर मी त्यासाठी गेलो नाही. मला आठ तासांच्या आत यायचं होतं. तो आकडा मी कोणाला सांगितला नव्हता, त्यालाही नाही. तो मागे पडला तेव्हा पायांना हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याचं पुढचे दोन-तीन किलोमीटर वाईट वाटत राहिलं. मग तेही थांबलं, कारण पाय इतके दुखायला लागले की वाईट वाटायला जागा उरली नाही.

७ तास ५३ मिनिटं. गळ्यात पदक घातलं, कोणी फोटो काढला. जेवणाच्या मांडवात न जाता मी कठड्याला टेकून उभा राहिलो. अर्धा तास म्हणजे किती लांबलचक असतो ते तिथे कळलं. आला तो ८ तास २१ मिनिटांना, एका पायावर भार देत, टोपी उलटी. त्याचे पहिले शब्द: "नऊ मिनिटं शिल्लक. दहा म्हटलं होतं, एक चुकलं."

घरी आईने पदक हातात घेऊन वजन बघितलं आणि विचारलं, "नंबर कितवा?" मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "आणि मास्तर?" मी म्हटलं, माझ्या मागे. "मग एकत्र कुठं गेलात?" असं म्हणून तिने पदक देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं.

मास्तर मला अजून सोडत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणा म्हणून बोलावलं तर मुलांना माझी ओळख करून दिली ती "मला पोटरीच्या गोळ्यासकट टाकून पळालेले हे माझे मित्र" अशी. माझी सायकल सध्या चाळीच्या गॅलरीत वर टांगलेली असते, आठवडाभर तिच्या दांड्यावर शेजारच्यांचे पंचे वाळतात. शुक्रवारी रात्री ते काढून मी ती खाली घेतो आणि दोन्ही दिव्यांच्या बॅटऱ्या तपासतो. शनिवारी पहाटे सव्वाचारला भारतमातासमोर आम्ही दोघं असतो. वय काही असो, पोहता येत नसलं तरी या. मागचा लाल दिवा मात्र लावून या.