सही झाली की नाही

एचएसएमकडे, म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या पेटीकडे, सही मागितली, उत्तर आलं नाही, टाइमआउट झाला. आता लॉगमध्ये काय लिहायचं?

डिजिटल सर्टिफिकेटं देण्याच्या या धंद्यात मुरलेल्याला यातली मेख सांगावी लागत नाही. पेटीनं सही केली असेल आणि उत्तर वाटेत हरवलं असेल. किंवा मागणी पेटीपर्यंत पोचलीच नसेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आमच्या कोडमध्ये त्या जागी बरीच वर्षं माझ्या हातची एक ओळ होती : 'साइनिंग आउटकम अननोन', पुढे सीरियल नंबर, इश्युअर, मागणी पाठवल्याची वेळ. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर लॉगिंगची साफसफाई काढली. ती माझ्या हाताखालच्या मुलीनं केली आणि तीत ही ओळ गेली. तिच्या जागी आलं 'साइनिंग फेल्ड'.

मुलगी तयारीची आहे. मुरबाड तालुक्यातली, कल्याणला शिकलेली. तिच्या गावात लाइट गेली की रेंजही जाते, मग स्कूटी काढून किन्हवलीला येते आणि माझ्या पडवीत बसून काम करते, कारण माझ्याकडे इन्व्हर्टर आहे. तिनं केलेलं काम वाचताना खोट काढायला जागा मिळेना, आणि खरं सांगायचं तर आधी याचाच राग आला. आमच्याकडे एकच एरर चार ठिकाणी छापला जायचा : खालचं फंक्शन छापून वर पाठवायचं, वरचं पुन्हा छापून आणखी वर पाठवायचं. तिनं नियम घातला, एक तर छापा नाही तर वर पाठवा. अर्ज आल्यापासून सर्टिफिकेट निघेपर्यंतच्या सगळ्या ओळींत एकच आयडी घातला. वेळ सगळीकडे यूटीसीत, शेवटी झेड लावून. कारण ऑडिटला आलेली माणसं पहाटे साडेतीनची नोंद बघून रात्रपाळीला कोण होतं ते विचारायची, आणि ती नोंद सकाळी नऊची असायची. अर्जदारानं दिलेला मजकूर अवतरणात टाकला, त्यातलं नव्या ओळीचं चिन्ह निकामी केलं. नाही तर संस्थेच्या नावात एन्टर मारून कुणीही पुढे आपल्या सोयीची खोटी नोंद लिहू शकतो. पॅन आणि मोबाइल नंबर लॉगमधून काढून टाकले. हे सगळं मी पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं असं कुणी म्हणालं असतं, तर मी भांडलो असतो.

'सर, तुमच्या ओळी वाचायला छान आहेत, पण ग्रेप करताना जीव जातो,' ती म्हणाली.

छान आहेत हे ऐकलं, पुढचं ऐकायला जरा वेळ लागला. मी लॉगची ओळ वाक्यासारखी लिहितो. कुणी, कशावर, काय केलं, हे त्याच क्रमानं आलं पाहिजे, क्रियापद भूतकाळी, 'सक्सेसफुली' हा शब्द कुठेही नको. एकदा ऑडिटच्या बैठकीत एकानं माझी ओळ मोठ्यानं वाचली आणि 'हे समजतंय' एवढंच म्हणाला. पगारवाढीच्या पत्रानं मला तेवढा आनंद कधी दिलेला नाही. कोडवर कुणाचंही नाव राहत नाही, पण लॉगची ओळ वर्षानुवर्षं तशीच छापली जाते, आणि ती आपली आहे हे आपल्याला माहीत असतं. या हौसेपायी काही ओळी मी गरजेपेक्षा जरा ऐटदार लिहिल्या. तिनं त्या तोडून फील्ड आणि किंमत अशा जोड्या केल्या, त्याला माझी हरकत नाही. म्हणजे हरकत होती, पण ती सांगण्यासारखी नव्हती.

'अननोन'चं मात्र तसं नाही.

तिचं म्हणणं होतं, अर्जदाराच्या हातात सर्टिफिकेट पडलं नाही ना? मग ते फेल्डच. अर्जदाराच्या बाजूनं बघितलं तर ती बरोबर आहे. पण सर्टिफिकेट अथॉरिटी जबाबदार असते ती किल्लीनं केलेल्या सहीला. त्या किल्लीतून बाहेर पडलेली प्रत्येक सही आमची, ती कुणाला पोचली असो वा नसो. आणि 'फेल्ड' दिसलं की आमचं सॉफ्टवेअर काय करतं? नवा सीरियल घेऊन पुन्हा सही मागतं. म्हणजे कदाचित दोन सर्टिफिकेटं, आणि त्यातल्या पहिल्याबद्दल लॉग छातीठोकपणे सांगतो की ते झालंच नाही.

लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट अथॉरिटीच्या बोल्डर या सॉफ्टवेअरमध्ये 'ऑर्फन फाइंडर' नावाचं एक छोटं हत्यार बरीच वर्षं होतं. सही झाली पण डेटाबेसात साठवताना घोळ झाला, तर ते सर्टिफिकेट अनाथ व्हायचं. त्याचे सगळे बाइट्स लॉगमध्ये छापलेले असायचे. हे हत्यार लॉग चाळून ते शोधायचं आणि डेटाबेसात परत घालायचं. बोल्डरच्या प्रत्येक ओळीला तिचा चेकसमही असतो, ओळ वाटेत तुटली तर कळावं म्हणून. ज्यानं हे केलं त्याला लॉग म्हणजे काय हे कळलं होतं : बाकी सगळं गेलं तरी ज्याच्यावरून पुन्हा उभं राहता येतं ते. आमच्या टाइमआउटमध्ये मात्र बाइट्सच हाती नसतात. हाती असतो फक्त सीरियल, तोही आपणच आधी ठरवलेला म्हणून. सही मागण्याआधी तो लिहून ठेवला नसेल, तर तेही नाही.

'एवढा अभ्यास कशाला, असं कितीदा होतं?' हा प्रश्न मला कंपनीतल्या साहेबलोकांनी विचारलेला आहे. क्वचित होतं. पण आमच्या धंद्यातल्या मोठ्या नाचक्क्या बघा. 2011 साली डिजिनोटार ही डच कंपनी फोडली गेली. गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट निघालं, त्याच्या आधारे इराणमधल्या लोकांचा पत्रव्यवहार वाचला गेला. फॉक्स-आयटी कंपनीनं तपास केला तेव्हा दिसलं की लॉग त्याच सर्व्हरवर होते जे चोराच्या ताब्यात गेले होते, आणि त्यांत फेरफारही झाले होते. पाचशेच्या वर खोटी सर्टिफिकेटं मोजता आली, पण काही सीरियल नंबर असे सापडले की त्यांचं सर्टिफिकेटच कुणाच्या हाती लागलं नाही. सप्टेंबरातच कंपनीचं दिवाळं निघालं. आपल्याकडे जुलै 2014 मध्ये एनआयसी या सरकारी संस्थेच्या सर्टिफिकेट अथॉरिटीतून गूगलच्या डोमेनची सर्टिफिकेटं बाहेर पडल्याचं उघड झालं. तपासाअंती कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीजच्या कार्यालयानं चार सांगितली : तीन गूगलची, एक याहूचं. गूगलला या चारांत नसलेलीही सापडली होती, त्यामुळे घोळ किती मोठा आहे ते माहीत नाही, असाच निष्कर्ष गूगलनं काढला आणि क्रोमनं भारताच्या रूटला ठरावीक सात डोमेनांपुरतं बांधून टाकलं. चूक होणं एक वेळ चालतं. चार म्हणावं आणि पाचवं दुसऱ्याच्या हातात निघावं, हे चालत नाही. 'फेल्ड' लिहिणारा लॉग नेमकं हे पाचवं लपवतो.

हे तिला समजावताना मी शेवटी फेरफारावर आलो, कारण आमच्या भागात जमिनीचा कागद पोरासोरांनाही वाचता येतो. आधी धरणं, मग रस्ते. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तोही आमच्याच शहापूर तालुक्यातून गेला. खरेदीखत झालं, वारस लागले, की तलाठी गाव नमुना 6 मध्ये नोंद धरतो, नोटिसा काढतो, हरकतीला 15 दिवस देतो, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. हस्तलिखित सातबाऱ्यावर तोवर नोंद पेन्सिलनं असायची, प्रमाणित झाल्यावर शाईनं. जुनं नाव खोडत नाहीत, कंस करतात. हरकत आली तर? तर ती नोंद मंजूरही नाही आणि नामंजूरही नाही. ती नमुना 6-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि निकाल लागेपर्यंत तिथं राहते. आमच्या सॉफ्टवेअरला पेन्सिल आहे, शाई आहे. माझी ती एक ओळ म्हणजे आमचा 6-अ होता.

ती विचारात पडली. मग म्हणाली, 'सर, पण 6-अ ही वही आहे. तुमची तर नुसती ओळ होती. ती छापून झाल्यावर पुढं कोण बघायचं?'

मीच बघायचो. सकाळी चहाबरोबर. हे मला मोठ्यानं सांगता आलं नाही.

वेबच्या सर्टिफिकेटांचं एक बरं झालं. डिजिनोटारनंतर सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी आली, 2013 मध्ये तिचा आरएफसी निघाला, आणि 30 एप्रिल 2018 पासून क्रोमनं नव्या सर्टिफिकेटांना ती सक्तीची केली. खऱ्या सहीआधी प्रीसर्टिफिकेट सार्वजनिक लॉगमध्ये टाकायचं, आणि ते टाकलं की सर्टिफिकेट निघालंच असं जग धरून चालतं. पेन्सिलची नोंदच चावडीवर लावायची. माणसांच्या डिजिटल सह्यांना मात्र असा सार्वजनिक लॉग नाही. तलाठी टोकन लावून सातबाऱ्यावर सही करतो (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण किन्हवलीत तलाठीच म्हणतात), 1 मे 2018 पासून तसा सातबारा घरबसल्या मिळतो. त्या टोकनातल्या सर्टिफिकेटाची जन्मकथा फक्त ते देणाऱ्याच्या लॉगमध्ये असते. ई-साइनमध्ये तर किल्ली एका सहीपुरती तयार होते आणि नष्ट होते, सर्टिफिकेट 30 मिनिटांचं. उद्या कुणी कोर्टात म्हणालं, ही सही माझी नाही, तर कागदावरची सही आणि आमची नोंद, एवढंच बोलायला उरतं.

आणि नोंदी लिहिणाऱ्यांची तऱ्हा काय आहे? एक पंथ म्हणतो, सगळं छापा, जागा स्वस्त आहे, नंतर शोधू. त्यांच्या भिंतीवर मोठा पडदा असतो, त्यावर आलेख हलतात. आलेख बघणारे चिकार, ओळ वाचणारा एकही नाही. सर्ट-इन या सरकारी संस्थेनं एप्रिल 2022 मध्ये 180 दिवसांचे लॉग देशातच ठेवायला सांगितलं, तेव्हा सगळे डिस्का विकत घ्यायला धावले. त्या डिस्कांत काय लिहिलेलं असणार, हे कुणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही. दुसरा पंथ लायब्ररीवाल्यांचा, चकचकीत लायब्ररी आणली की लॉगिंग सुधारलं असं मानणारा. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजेनं त्यांना चांगला हिसका दिला : बाहेरून आलेला मजकूर निमूट लिहून ठेवायचा सोडून ती लायब्ररी त्यातला हुकूम वाचून अमलात आणायची. लिहिणाऱ्यानं आज्ञा पाळायच्या नसतात, हे कुठल्याही कारकुनाला सांगावं लागत नाही. तिसरा पंथ नवा, यंत्राकडून ओळी लिहून घेणाऱ्यांचा. त्यांच्या प्रत्येक ओळीत 'सक्सेसफुली' असतं. सही होण्याआधीच्या ओळीतसुद्धा.

पुढे असे टाइमआउट वाढणारच. वेब सर्टिफिकेटांची कमाल मुदत 398 दिवस होती. 15 मार्च 2026 पासून 200, 2027 मध्ये 100, 2029 मध्ये 47. तेवढ्याच साइट्ससाठी आठपट सह्या, आठपट ओळी, आणि क्वचित होणारं आठपट वेळा होणार.

तिनं बदल परत घेतला नाही, पुढे नेला. 'अननोन' ही आता लॉगची ओळ राहिली नाही, सहीच्या निकालाची तिसरी अवस्था झाली, यश आणि अपयशाच्या पंगतीत बसणारी. तिचं काय करायचं ते लिहिल्याशिवाय बिल्डच होत नाही. ती अवस्था आली की पुन्हा सही मागणं बंद. सीरियल वेगळ्या टेबलात जातो आणि माणसानं नावानिशी निकाल दिल्याशिवाय तिथून हलत नाही. लॉगमध्ये फक्त 'आउटकम', बरोबरचं चिन्ह आणि 'अननोन', एवढंच छापलं जातं. माझं वाक्य त्यात कुठेच नाही.

एकाच मुद्द्यावर आमचं अडलंय. अशी नोंद किती वेळ पेन्सिलीत ठेवायची? तिचं म्हणणं, अजिबात नाही. सर्टिफिकेट निघालंच असं समजून लगेच तो सीरियल रद्दच्या यादीत घाला. रद्द करायला सीरियल पुरतो, सर्टिफिकेट हाती असावं लागत नाही. जे नव्हतंच ते रद्द केलं तर कुणाचं काय बिघडलं? माझं म्हणणं, आधी पेटीच्या आतला ऑडिट लॉग उतरवून घ्या, सहीची नोंद आहे का बघा, मग ठरवा. जे घडलं नाही ते घडल्यासारखं आपल्याच वहीत लिहायचं नाही. ती म्हणते, पेटीचा लॉग उतरवेपर्यंत दोन दिवस जातात आणि तेवढ्यात ते सर्टिफिकेट कुणी वापरलं तर तुमची वही स्वच्छ राहून उपयोग काय? यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. तिचंच बरोबर असावं असं मला दोन आठवड्यांपासून वाटतंय, आणि म्हणूनच तो बदल मी अजून मंजूर केलेला नाही.