नशिबाने नेमलेला जोडीदार नको, आपण निवडलेला हवा

"पोरी मोबाईलवर काहीबाही वाचतात," ही तक्रार आजकाल आपल्या प्रत्येक वस्तीत ऐकू येते. या 'काहीबाही'त सध्या वेअरवुल्फच्या, म्हणजे माणसाचा लांडगा होणाऱ्या नायकांच्या प्रेमकथा भरपूर आहेत. साचा ठरलेला असतो. लांडग्यांचा एक कळप, त्याचा प्रमुख 'अल्फा', आणि नियतीने त्याच्यासाठी नेमून ठेवलेली एक साधी मुलगी, त्याची 'मेट'. तो तिला पाहतो आणि त्या क्षणी सगळं ठरून जातं. तिने हो म्हणायचं की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

आपले जाणते लोक यावर दोनच गोष्टी करतात. काही जण मोबाईल काढून घेतात, तर काही जण "करमणूक आहे, वाचू द्या" म्हणून सोडून देतात. दोन्ही चूक आहे. ज्या समाजाने पुस्तकाच्या बळावर मान वर केली, त्याने आपली मुलं काय वाचतात हे स्वतः वाचून पाहिलं पाहिजे आणि मग त्यांच्याशी वाद घातला पाहिजे.

मी जामचा. वर्धा जिल्ह्यातलं, समुद्रपूर तालुक्यातलं आमचं गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. चंद्रपूरचा फाटा इथेच फुटतो. रात्रंदिवस ट्रक आणि बसगाड्यांची वर्दळ. माझी भाची इथून बसने हिंगणघाटला कॉलेजला जाते आणि जाता-येता कानात इअरफोन घालून अशीच एक मालिका ऐकते. तुला यात काय आवडतं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मामा, त्यात तिले कोनी जात नाही इचारत ना."

या उत्तरावर हसू नका. ज्या मुलीला कॉलेजात आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदललेला दिसतो, तिला जात न विचारणारा लांडगा माणसापेक्षा बरा वाटला, तर तो तिचा दोष नाही. पण त्या गोष्टीत खरंच जात नाही का, हे पाहायला मी या प्रकारातली सर्वांत गाजलेली मालिका वाचून काढली. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची 'ट्वायलाइट' मालिका. २००५ ते २००८ या काळात तिचे चार भाग आले.

जात आहे. नुसती आहे असं नाही, ती गोष्टीचा कणा आहे.

या कादंबऱ्यांत बेला नावाच्या मुलीवर दोघांचं प्रेम आहे. एक एडवर्ड, रक्तपिपासू व्हॅम्पायर. दुसरा जेकब, आदिवासी मुलगा, जो लांडगा होतो. एडवर्डचं कुटुंब गोरं, श्रीमंत, सुसंस्कृत. ते माणसाचं रक्त न पिता फक्त प्राण्यांचं पितात, म्हणून स्वतःला गमतीने शाकाहारी म्हणवतात! जेकबच्या जमातीतली पोरं मात्र रागावर ताबा न राहिल्याने जनावर होतात. शाकाहारी, संयमी, उच्चकुलीन एका बाजूला आणि तापट, उघडीनागडी, जनावर होणारी पोरं दुसऱ्या बाजूला. ही मांडणी आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज आहे का? शेवटी मुलगी कुणाला मिळते, हे तर पुस्तक न वाचताही सांगता येईल.

जेकबची ही जमात कल्पित नाही. क्विल्यूट नावाची ती खरी जमात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ला पुश इथे राहते. आपले पूर्वज लांडग्यांपासून माणूस झाले, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे. कादंबरीने ती उलटी केली आणि माणसाचा लांडगा केला. पुस्तकं आणि सिनेमांवर अमाप पैसा उभा राहिला, त्या वेळी ही जमात जेमतेम एक चौरस मैलाच्या जागेत, त्सुनामीच्या धोक्यात राहत होती. उंचावरच्या जमिनीसाठी त्यांना झगडावं लागलं. २०१२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, तेव्हा ती मिळाली.

माणसाला जनावर ठरवणं आपल्याला नवं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून पुसला गेला, लोकांच्या डोक्यातून नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मधल्या जब्याचंही एका मुलीवर प्रेम आहे आणि त्याच्याही अंगावर जनावराचं नाव फेकलं जातं. फरक एवढाच, की जब्या ते नाव अंगाला लावून घेत नाही. तो दगड उचलतो.

आता 'नियतीने नेमलेल्या' जोडीदाराकडे येऊ. 'ट्वायलाइट'मध्ये याला इम्प्रिंटिंग म्हटलं आहे. लांडगा झालेल्या पुरुषाची एका स्त्रीवर नजर पडते आणि ती कायमची त्याची होते. सॅम नावाचा नायक यामुळे आपल्या प्रेयसीला सोडून तिच्याच बहिणीकडे जातो. पुढे रागाच्या भरात तिचाही चेहरा फाडतो आणि ती चेहऱ्यावरचे व्रण घेऊन त्याचा संसार करते. क्विल नावाच्या तरुणाची 'नेमलेली' जोडीदार दोन वर्षांची असते. जेकबची तर नुकतीच जन्मलेली असते! ती मोठी होईपर्यंत तो थांबेल, म्हणून हे प्रेम पवित्र, असं कादंबरी सांगते.

इथे बाबासाहेबांची आठवण होणं अपरिहार्य आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचा गाभा अंतर्विवाह आहे, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. गट बंद ठेवायचा तर गटातल्या स्त्री-पुरुषांचा हिशोब जुळला पाहिजे. नवरा मेलेली स्त्री उरली, तर तिला सती पाठवा किंवा विधवा म्हणून कोंडून ठेवा. बायको मेलेला पुरुष उरला, तर त्याच्यासाठी अजून वयात न आलेली मुलगी राखून ठेवा. बालविवाह असा जन्माला आला. दोन वर्षांच्या मुलीला वाढलेल्या पुरुषाच्या नावावर करणारा कळप आणि जात, यांत मला तरी फरक दिसला नाही. एकीकडे त्याला चंद्र आणि रक्त म्हणतात, दुसरीकडे कुंडली आणि गोत्र.

म्हणजे भाचीचं म्हणणं अर्धंच खरं. त्या गोष्टीत मुलीला जात कुणी विचारत नाही, कारण तिला काहीच कुणी विचारत नाही.

"गोष्टच आहे, एवढं मनावर काय घ्यायचं?" असं कुणी म्हणेल. त्यांनी हिंगणघाटच्या नांदोरी चौकात जाऊन उभं राहावं. ३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी कॉलेजकडे चाललेल्या तरुण प्राध्यापिकेला, तिचा पाठलाग करणाऱ्या माणसाने तिथे पेट्रोल टाकून पेटवलं. १० फेब्रुवारीला ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. त्यानेही स्वतःच ठरवलं होतं की ही माझी आहे. तिच्या नकाराला त्याच्या लेखी किंमत नव्हती.

कादंबरी वाचून कुणी खून करतो, असं मी म्हणत नाही. पण 'ट्वायलाइट'चा एडवर्ड मुलीला न कळू देता रात्री तिच्या खोलीत शिरून तिला झोपेत न्याहाळतो, ती दुसऱ्याला भेटू नये म्हणून तिची गाडी बिघडवतो. जेकब तिचं बळजबरीने चुंबन घेतो आणि पोलीसप्रमुख असलेला तिचा बाप त्यालाच शाबासकी देतो. हे सगळं प्रेम म्हणून वाचायची सवय लागली, की खऱ्या रस्त्यावर मागे येणारा माणूसही प्रेमिक वाटू लागतो. पाठलाग हा गुन्हा आहे. २०१३ मध्ये तो भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड म्हणून आला, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे. हे कलम प्रत्येक मुलीला आणि त्याहून आधी प्रत्येक मुलाला पाठ असावं.

आणि बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. आपल्या बौद्ध विवाहात पत्रिका नसते, वधू आणि वर दोघेही प्रतिज्ञा घेतात. पण सोयरीक काढताना आजही आपल्या विदर्भात हळूच विचारलं जातं, "बावणे का लाडवन?" धम्मदीक्षेला कितीतरी वर्षं लोटली, तरी कोसरे, बारके ही नावं लग्नाच्या बोलणीत जिवंत आहेत. हा आपला कळप नाही का? जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिलं. पोटजात मोडायलाही जे कचरतात, त्यांनी जात मोडायची भाषणं कोणत्या तोंडाने करावीत? मुलगी घरात निवडीबद्दल बोलू शकत नाही, म्हणून ती इअरफोनमध्ये लांडगा शोधते.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. मोबाईल हिसकावू नका. विहारात, अभ्यासिकेत मुलामुलींना एकत्र बसवा, त्यांच्या आवडीची अशी एक गोष्ट त्यांनाच सांगू द्या आणि शेजारी १९१६ चा निबंध ठेवा. प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारा : इथे तिला कुणी विचारलं का? सज्ञान व्यक्तींना जोडीदार निवडायचा हक्क आहे आणि त्यात जातपंचायतीने किंवा खापने पडू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी प्रकरणात बजावलं आहे, हेही त्यांना सांगा.

आपल्या पोरींना नियतीने नेमलेला अल्फा नको. तिला विचारणारा, तिचा नकार ऐकून मागे वळणारा आणि होकार मिळाला तर पोटजात-जात ओलांडून सोबत उभा राहणारा माणूस हवा. तो आकाशातल्या चंद्रामुळे तयार होणार नाही. तो आपल्याच घरातून, आपल्या मुलांना घडवूनच निघेल.

जय भीम.