पाऊस वरचा, माती आमची

‘तुमच्या मंडळात ४१ मिलिमीटरच दाखवतंय, अतिवृष्टीत बसत नाही.’ कचेरीतल्या खुर्चीतला माणूस मान वर न करता हे बोलला, ते अजून डोक्यातून जात नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेला महापूर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. आमचा ओढा त्याआधीच, पूर्वा नक्षत्रात, येऊन गेला होता. दिवसभर जीव नकोसा करणारा उकाडा, संध्याकाळी बालाघाटाच्या अंगाला काळंभोर आभाळ आणि विजांचा थयथयाट. आमच्याकडे पाऊस बेताचाच. मी धार काढत होतो, तेवढ्यात ओढ्यातून दगड घरंगळल्याचा आवाज आला. नळकांडी पुलाच्या तोंडाशी अख्खी बाभळ अडकलेली. पाणी तुंबलं आणि वाट सोडून सोयाबीनमध्ये, तिथून गोठ्यात शिरलं. दाव्याची गाठ भिजून आवळलेली, सुटेना. शेवटी विळ्यानं दावं कापून गाय मोकळी केली.

सकाळी शेंगा भरत आलेलं सोयाबीन नव्हतं आणि त्याखालची मातीही नव्हती. नुसता पिवळा मुरूम.

आता हिशेब बघा. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी. मोजायचं यंत्र महसूल मंडळाला एक, मंडळात गावं कितीतरी. आणि हा विजांचा पाऊस तर बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसरं कोरडं. हेक्टरभर रानावर १ मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर पाणी. डोंगरावर किती ओतलं ते खालच्या यंत्राला काय ठाऊक? मुळात आमचं नुकसान आमच्या पावसानं केलंच नाही. पूर ही सरकारी यादीतली स्वतंत्र आपत्ती आहे, हे घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. ‘मग पंचनामा आणा,’ खुर्चीतला म्हणाला. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, ‘आदेशाशिवाय कसा करू?’ आणि आदेश निघतो आकड्यावरून!

तरी भाऊसाहेबांवर राग धरवत नाही. बूट हातात घेऊन गुडघाभर चिखलातून ते बांधापर्यंत आले होते.

ओढ्याकाठच्यांनो, तारीख-ठिकाण उमटणारे फोटो पाणी असतानाच काढा. पुलाच्या नळ्या मृगाआधी मोकळ्या करा, ग्रामपंचायतीची वाट बघू नका. बघा, शिव्या सरकारला घालतोय आणि कामं तुम्हाला सांगतोय.

पावसाला तरी काय बोलावं? २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही टँकरपुढे घागरी लावून बसलो होतो.

पुढं सीनेच्या पुरावेळी आमचं मंडळ अतिवृष्टीच्या यादीत आलं. पथक रानात आलं, तेव्हा त्यांना दाखवायला पीकच नव्हतं.