भंडारा शोधताना

शोधयंत्राला ‘भंडारा’ हा शब्द दिला की आमच्यापुढे जेजुरीची हळद उधळली जाते, देवळातल्या पंगती बसतात, देहूजवळचा तुकोबांचा डोंगर उभा राहतो. वैनगंगेकाठचा जिल्हा मात्र गर्दीत हरवतो. म्हणून आम्ही सोबत ‘वैनगंगा’ किंवा ‘साकोली’ जोडतो आणि ‘जेजुरी’ला उणे चिन्ह लावून वगळतो. चिन्ह आणि शब्द यांत जागा मात्र सोडू नये.

खरी अडचण लेखनभेदांची. कोणी ‘झाडीबोली’ असे जोडून लिहितात, कोणी ‘झाडी बोली’ असे तोडून. दोन्ही रूपे अवतरणचिन्हांत घालून वेगवेगळी शोधावीत. या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. पण नुसते ‘पानी’ शोधावे तर सारा हिंदी मुलूख धावून येतो! पवनीच्या स्तूपासाठी ‘पौनी’ही शोधावे. तेथील १९६९-७०च्या उत्खननाचा अहवाल इंग्रजीत आहे, तेव्हा रोमन लिपीचा विटाळ मानू नये. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. त्याआधीचे तिकडचे संदर्भ भंडाऱ्याच्याच नावावर सापडतात.

एवढ्यावर काही हाती लागले नाही, की ‘या विषयावर लेखन उपलब्ध नाही’ असे प्रबंधात लिहून विद्यार्थी मोकळे होतात. हे आम्हांस मुळीच मान्य नाही. युनिकोडेतर टंकांत जुळवलेला किंवा नुसता छायाचित्ररूपात चढवलेला मजकूर शोधयंत्राला बहुधा वाचताच येत नाही. अशा वेळी विषय सोडून लेखकाचे नाव शोधावे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या नावाने शोधले, तर झाडीबोलीवरील पुस्तकांची नावे तरी मिळतात. पुढे ग्रंथालय आहेच.