डग्गा उजवीकडे

ॲपलच्या आयट्यून्सची अकरावी आवृत्ती २९ नोव्हेंबर २०१२ रोजी आली. यायची होती ऑक्टोबरात, पण महिनाभर लांबली आणि तेवढी उत्सुकताही ताणली गेली. ती उतरवून घेतल्यावर पुढचे काही दिवस संगणकावर गाणी ऐकणारी मंडळी एकमेकांना कानमंत्र द्यावा तशी दोन बटणं सांगत होती: कंट्रोल-बी आणि कंट्रोल-एस. पहिल्याने विंडोजवर दिसेनासा झालेला मेन्यू परत यायचा, दुसऱ्याने डाव्या हाताचा साइडबार. दोन्ही गोष्टी प्रोग्राममध्ये होत्याच. कंपनीने त्या फक्त झाकल्या होत्या, खिडकी जरा मोकळी दिसावी म्हणून.

तबलजी बैठकीला येण्याआधी कुणी डग्गा उजवीकडे आणि तबला डावीकडे मांडून ठेवावा आणि वर कौतुकाने म्हणावं, ‘आता कसं नीट दिसतंय!’, असा हा प्रकार होता. वाद्यं तीच, शाई तीच, सूरही लागलेला. पण हाताला काही सुचत नाही. रोज वापरायच्या साधनाच्या जागा डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त पाठ असतात, आणि बोटांची समजूत काढायला वेळ लागतो. म्हणून अशा अपडेटनंतर येणारी पहिली प्रतिक्रिया नेहमी तीच असते, ‘हे मागितलं कुणी होतं?’ आणि कंपनीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं उत्तरही ठरलेलं असतं, ‘दोन आठवडे वापरा, सवय होईल.’

हे उत्तर अर्धं खरं आहे. वस्तू जागची हलली की सवय होते. वस्तूच गेली तर सवय कशाची करायची? आयट्यून्स ११ मध्ये दोन्ही झालं होतं आणि तक्रार करणाऱ्यांनी दोन्हींची एकच मोट बांधली. साइडबार हलला होता. पण प्लेलिस्ट वेगळ्या खिडकीत उघडून दोन याद्या शेजारी-शेजारी ठेवायची सोय गेली होती. अल्बमची मुखपृष्ठं एकामागोमाग सरकवत पाहायचं कव्हर फ्लो गेलं होतं. (त्याच्यासाठी हळहळणारेही भेटले. मला ते कधीच कामाचं वाटलं नाही, पण पाहायला मजा यायची.) संग्रहात दोनदा आलेली गाणी शोधून दाखवणारी सोयसुद्धा पहिल्या आवृत्तीत नव्हती. हिची बोंब इतकी झाली, की डिसेंबरातच ११.०.१ या दुरुस्तीबरोबर ती परत आली. बिचाऱ्या साइडबारचं नाटक मात्र तीन अंकी झालं. २०१२ साली तो लपला, २०१४ च्या बाराव्या आवृत्तीत प्लेलिस्टच्या पानापुरता उरला आणि २०१६ साली १२.४ मध्ये पुन्हा सगळीकडे आला. चार वर्षं ज्यांनी सवय केली होती, त्यांनी आता उलटी सवय करायची.

कंपनीचीही बाजू आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. साउंडजॅम एमपी नावाचा गाणी वाजवायचा एक छोटा प्रोग्राम ॲपलने विकत घेतला आणि त्यातून जानेवारी २००१ मध्ये आयट्यून्स घडवलं. तेव्हा त्याचं काम एवढंच, सीडीवरची गाणी संगणकात घ्यायची आणि लावून ठेवायची. २००३ साली त्यात गाण्यांचं दुकान आलं. मग पॉडकास्ट, चित्रपट, मग आयफोन जोडायची व्यवस्था, मग फोनवरची ॲप्स. दहा वर्षांत गाणी लावायच्या प्रोग्राममध्ये गाणी शोधावी लागू लागली. तो फार जड झालाय, यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्यातलं काय कापावं, यावर दोघांचंही नव्हतं. ज्याला त्याला दुसऱ्याच्या कामाची सोय काढायची होती. अशा वेळी कंपनी पाहते की कोणतं बटण किती लोक दाबतात, आणि कमी दाबलं जाणारं बटण जातं. हिशेबाने ते चूक नाही. पण ते बटण दाबणारे थोडे लोक म्हणजेच पुष्कळदा सर्वांत मोठे संग्रह बाळगणारे लोक असतात, हे त्या हिशेबात कुठे येत नाही.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या मराठी माणसाचा संग्रह घ्या. या सगळ्या प्रोग्रामांची घडण पाश्चात्त्य पॉप संगीतावर झालेली. गायक, अल्बम, गाणं, फार तर संगीतकार, असे रकाने. रागाला रकाना नाही. तालाला नाही, साथीदारांना नाही, मैफल कुठे झाली त्याला तर नाहीच. आमच्या ओळखीचे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. कॅसेटवरच्या मैफली त्यांनी संध्याकाळी बसून संगणकावर उतरवल्या. कॅसेट उतरवायची म्हणजे ती जेवढी वाजते तेवढा वेळ बसायचं, तिथे घाई चालत नाही. रागाची अडचण त्यांनी आपल्या परीने सोडवली. ‘संगीतप्रकार’ म्हणून जो रकाना असतो, जिथे रॉक, जॅझ वगैरे अपेक्षित आहे, तिथे ते राग लिहायचे. त्यामुळे यादीच्या डोक्यावरच्या तीन खणांपैकी पहिल्यात भूप, मारवा, यमन, श्री अशी रांग दिसायची. मारव्यावर टिचकी मारली की दुसऱ्या खणात मारवा गायलेल्यांची नावं, आणि त्यातल्या एकावर मारली की तिसऱ्यात त्याची ध्वनिमुद्रणं. साथीला कोण, हार्मोनियमवर कोण, खोकला कितव्या मिनिटाला येतो, हे शेरे ‘कॉमेंट’मध्ये.

म्हणजे बाजारात नसलेली रागवार सूची त्यांनी परक्या चौकटीत बसवली होती. ते वापरतात त्या प्रोग्रामचं पुढे नूतनीकरण झालं (नाव सांगत नाही, सगळ्यांची तऱ्हा सारखीच) आणि ते तीन खण जाऊन मुखपृष्ठांची भिंत आली. विकतच्या अल्बमला मुखपृष्ठ असतं. दादरच्या एका दिवाणखान्यातल्या मैफलीला कुठून असणार? पडदाभर करडे चौकोन आणि प्रत्येकात स्वराचं तेच एक चिन्ह.

“काका, ते खण परत दाखवायची सोय सेटिंगमध्ये असेल कुठेतरी,” मी म्हटलं.

“असेल रे. पण माझं कपाट उघडायला मी यांच्या परवानगीचा अर्ज का करू?”

या प्रतिक्रियांमधला राग नुसता सवयीचा नाही, तो इथून येतो. प्रोग्राम कंपनीचा, हे कुणी नाकारत नाही. पण त्यातली मांडणी ऐकणाऱ्याने केलेली असते, वर्षानुवर्षं, एकेका ओळीने. ‘लता’, ‘लता मंगेशकर’ आणि नुसतंच ‘लताजी’ अशा तीन नावांखाली विखुरलेली गाणी एका नावाखाली आणणं हे कारकुनी काम आहे आणि ते त्याने फुकट केलेलं आहे. गीतरामायणाची ५६ गाणी घ्या. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक अशी ती आली, आणि त्यांचा क्रम हीच कथा आहे. फाइलींवर अनुक्रमांक नसेल आणि नवा पडदा गाणी नावाप्रमाणे लावत असेल, तर रामकथा रोमन अक्षरमालेच्या स्वाधीन होते. कंपनीच्या लेखी यादीच्या एका पानाचं रूप बदललं. ऐकणाऱ्याच्या लेखी त्याचं लिहिलेलं कुणीतरी विस्कटलं.

आता यावर लोक करतात काय? थोडं इथे रेंगाळायला हरकत नाही, कारण उत्तरं गमतीदार आहेत. विनॅम्प आठवतं? सायबर कॅफेच्या दिवसांत आपल्याकडे गाणं लावायचं म्हणजे विनॅम्पच. २००२ साली त्याची तिसरी आवृत्ती नव्याने लिहून काढली. ती जड निघाली, आणि लोक सरळ जुन्या दुसऱ्या आवृत्तीवर परत गेले. कंपनीने मुकाट्याने दोन्हींचा मेळ घालून २००३ च्या डिसेंबरात पाचवी आवृत्ती काढली. चौथी नाहीच, कारण दोन अधिक तीन पाच. चूक दुरुस्त करताना इतकी विनोदबुद्धी दाखवणारी कंपनी मी दुसरी पाहिली नाही.

लिनक्सवाल्यांनी वेगळाच मार्ग काढला. त्यांच्याकडे अमारोक नावाचा प्रोग्राम होता. २००८ च्या डिसेंबरात त्याची दुसरी आवृत्ती पार नव्या रूपात आली आणि जुन्या १.४ ची मंडळी नाराज झाली. पण तिथे प्रोग्रामचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो. काही जणांनी तो घेतला आणि १.४ च्या वळणावर क्लेमेंटाइन नावाचा प्रोग्राम २०१० साली उभा केला. पुढे क्लेमेंटाइनमधूनही स्ट्रॉबेरी निघाला. रुसून वेगळं बिऱ्हाड करायची ही सोय आयट्यून्स वापरणाऱ्याला कधीच नव्हती.

आणि अगदी अलीकडचं प्रकरण सोनोसचं. घरभर बिनतारी स्पीकर बसवून देणारी ही अमेरिकन कंपनी. मे २०२४ मध्ये तिने नवं ॲप आणलं आणि त्यात गजर नव्हता, ठरावीक वेळाने गाणं बंद करायची सोय नव्हती, घरच्या संगणकावरच्या आपल्या गाण्यांत शोध घेता येत नव्हता. पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीवर अवलंबून असलेल्या अंध ग्राहकांची तर फारच पंचाईत झाली. जुलैत कंपनीच्या प्रमुखांनी, पॅट्रिक स्पेन्स यांनी, जाहीर माफी मागितली. जुनं ॲप परत द्यायचा विचारही झाला, पण मधल्या काळात स्पीकरमधली आणि सर्व्हरवरची व्यवस्थाच बदलली होती. जुनं परत आणलं तर घोळ वाढेल, असं ऑगस्टमध्ये सांगावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये स्पेन्स पायउतार झाले. विनॅम्पच्या काळी जुनी आवृत्ती आपल्या हार्ड डिस्कवर असायची, ती परत टाकली की भागायचं. आज परतीची वाट कंपनीलाही मोकळी नसते, तिथे तुमची-आमची काय कथा.

आयट्यून्सचं पुढे काय झालं ते ठाऊकच आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकवर त्याचे संगीत, टीव्ही आणि पॉडकास्ट असे तुकडे झाले. तोवर महिन्याचे पैसे भरून कोट्यवधी गाण्यांतलं हवं ते ऐकायची पद्धत रुळली होती. तिथे लावायचं काहीच नसतं, त्यामुळे विस्कटायचंही नसतं. माझ्या मते नूतनीकरणाचा रोख पुष्कळदा त्याच दिशेला असतो. आपल्या मालकीचा संग्रह बाळगणारा माणूस एकदा पैसे देतो आणि गप्प बसतो, कंपनीला तो परवडत नाही. त्याची तक्रार रास्त आहे, पण ती ऐकून धंदा बदलेल अशी आशा मी सोडून दिली आहे.

म्हणून घरात असा संग्रह असेल तर एवढं करा. अपडेटचं बटण दाबायच्या आधी गाण्यांची आणि प्रोग्रामच्या लायब्ररी फाइलचीही एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. आयट्यून्ससारख्या प्रोग्रामांत तुम्ही दिलेले तारे, गाणं किती वेळा वाजलं त्याचा आकडा आणि प्लेलिस्ट हे सगळं त्या लायब्ररी फाइलीत असतं, गाण्याच्या फाइलीत नसतं. ती गेली की तेही गेलं. उलट एमपी-३ मध्ये गायक, अल्बम, अनुक्रमांक, संगीतकार, कॉमेंट हे रकाने भरले, तर ते फाइलीतच लिहिले जातात आणि ते वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्राममध्येही उघडतात. तेव्हा राग, साथीदार, मैफलीचं ठिकाण आणि साल तिथे लिहा, आणि फाइलीच्या नावातही राग व गायक येऊ द्या. काकांनाही मी हेच सांगितलं. त्यांनी भैरवापासून सुरुवात केली आहे.