बारा, सात, पाच

तार वाजवावयाची म्हणजे ती दाबली पाहिजे, अशी आमची बरेच दिवस समजूत होती. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले, तेव्हा आम्ही स्वतःला वादक म्हणवून घेऊ लागलो. पण गिटारीत काही स्वर असे आहेत की ते दाबल्याने मुळीच निघत नाहीत. नुसत्या स्पर्शाने निघतात. त्या स्वरांनी गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळी आम्हांस जो धडा शिकविला, तो येथे सांगावयाचा आहे.

या स्वरांना हार्मोनिक म्हणतात. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेवर बोट अलगद टेकवावे, उजव्या हाताने तार छेडावी आणि लगेच बोट उचलून घ्यावे. घंटेसारखा निर्मळ नाद उमटतो. बारावा पडदा म्हणजे तारेचा मध्य. तेथे बोट टेकले की तार दोन सारख्या भागांत कंप पावू लागते आणि स्वर एक सप्तक वर चढतो. सातव्या पडद्यावर तिचे तीन भाग होतात, पाचव्यावर चार. मोकळी तार मंद्र षड्ज मानली, तर बारा, सात, पाच या क्रमाने मध्य षड्ज, मध्य पंचम आणि तार षड्ज मिळतात. चवथ्या पडद्याच्या किंचित अलीकडे तारेचे पाच भाग होऊन गंधारही सापडतो. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याचेच हे भावंड!

फ्रान्समधील जोसेफ सोव्हर याने १७०१ साली या स्वरांचे शास्त्र मांडले. त्याला स्वतःला नीट ऐकू येत नसे, हे वाचून आम्ही थक्क झालो होतो. आमचे कान मात्र धड होते. तरी प्रसंगी आम्हीच बहिरे ठरलो.

संमेलनातील समूहगीताच्या आरंभी गिटारीवर हेच तीन स्वर चढत्या क्रमाने वाजवावयाचे ठरले. कल्पना आमची, वाजविणार मात्र आमचा वर्गमित्र. त्याच्यासाठी आम्ही रात्री संगणकावर टॅब्लेचर लिहावयास बसलो. टॅब्लेचरमध्ये सहा तारांच्या सहा रेघा असतात आणि ज्या पडद्यावर बोट ठेवावयाचे त्याचा आकडा त्या रेघेवर लिहितात. आम्ही १२, ७, ५ असे आकडे टाकले. घरची मंडळी झोपली होती, म्हणून आवाज बंदच ठेवला. सुबक पान छापले आणि सकाळी मित्राच्या हाती दिले. त्याने आठ दिवस इमानाने तालीम केली.

रंगीत तालमीत तंबोरा सुरू झाला आणि मित्राने तार छेडली. पहिला स्वर बरोबर आला; दुसरा खाली गेला; तिसरा त्याहूनही खाली जाऊन भलताच मध्यम लागला. मुले हसली. संगीताच्या बाई त्याला म्हणाल्या, “अरे, घरी गिटार उघडली होतीस का?” त्याने एकदा हातातल्या पानाकडे पाहिले, एकदा आमच्याकडे. आम्ही खाली पाहत राहिलो.

घरी आल्यावर आम्ही तेच पान संगणकावर आवाजासह वाजवून पाहिले. संगणकानेही हुबेहूब मित्रासारखेच वाजविले! नुसता आकडा म्हणजे दाबलेला स्वर. बाराव्या पडद्यावर दाबलेला आणि स्पर्शाचा स्वर एकाच उंचीचा असतो, म्हणून पहिल्या स्वरात चूक कळली नाही. सातव्यावर पंचम एक सप्तक खाली येतो आणि पाचव्यावर तर षड्जाच्या जागी मंद्र मध्यम बसतो. हार्मोनिक हवा असेल तर आकडा कोनी कंसात, म्हणजे <१२>, <७>, <५> असा लिहावा लागतो. स्वररेषांवर त्याच स्वराचे मस्तक चौकटच्या पत्त्यावरील ठिपक्यासारखे काढतात. संगणकात त्या स्वरावर जाऊन हार्मोनिकचा प्रकार निवडावा लागतो. एवढी एक खूण राहून गेली आणि चढण होती तेथे उतरण झाली.

दुसऱ्या दिवशी सर्वांदेखत बाईंना सांगितले, “चूक त्याची नव्हती, लिहिणाऱ्याची होती.” हे एक वाक्य उच्चारताना जितका जोर लागला, तितका कोणतीही तार दाबताना लागला नव्हता. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मित्राची पाठ थोपटली आणि आम्हांस सांगितले, “लिहिलेले आधी स्वतः ऐकावे, मग दुसऱ्याला द्यावे.” मित्र एवढेच म्हणाला, “कंस दे आता!”

आमच्या बडोद्यात १८८६ साली मौलाबक्ष यांनी गायनशाळा काढली आणि गाणे कागदावर उतरविण्यासाठी स्वरलेखनाची पद्धती बसविली. एवढा खटाटोप कशासाठी, असे आम्हांस पूर्वी वाटे. आता वाटत नाही. जो आपल्यासमोर बसलेला नाही, त्यालाही आपल्या मनातला स्वर जसाच्या तसा मिळावा, यासाठी ती चिन्हे असतात. आपण एक खूण गाळतो आणि हसे दुसऱ्याचे होते.

संमेलनाच्या सायंकाळी दिवे मंदावले. षड्ज, पंचम, वरचा षड्ज असे तीन नाद सभागृहात एकावर एक चढत गेले. मित्राचे बोट तारेला जेमतेम लागत होते. आम्ही पडद्याआड उभे होतो, आणि या खेपेस मान वर करून ऐकत होतो.