बारा जणांची टीम

बालमित्रांनो, तुमच्या गावात थंडी आली हे तुम्हांला कशावरून कळतं? कुणी म्हणेल, स्वेटर बाहेर निघतात. कुणी म्हणेल, शेकोट्या पेटतात. आमच्याकडे आणखी एक खूण आहे. धान कापून झाला, बांध्या मोकळ्या झाल्या, पुंजणे रचून झाले, की पानठेल्यांवर आणि एस.टी.च्या थांब्यांवर कागद चिकटू लागतात : 'भव्य खुले कबड्डी सामने'. हा कागद दिसला की समजावं, हंगाम सुरू झाला!

मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या आमच्या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, आणि पुंजणे म्हणजे कापलेल्या धानाचे रचलेले ढीग, बरं का. दिवाळीनंतर इथं गावोगावी मंडई भरते. रात्र-रात्र नाटकं चालतात. आणि एखाद्या मोकळ्या बांधीत, दिव्यांच्या झगझगीत उजेडात, कबड्डी रंगते.

कबड्डीचं मैदान तुम्ही कधी तयार केलंय का? आमच्या शाळेतली मुलं दरवर्षी मोठ्या दादांना मदत करतात. आधी धसकटं काढायची, खडे वेचायचे. मग माती चाळून पसरायची, पाणी मारायचं, चोपून सारखी करायची. मोठ्या पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. सांगा पाहू, त्याचं क्षेत्रफळ किती? आमच्या पाचवीच्या वर्गानं हे गणित वहीत न करता मैदानावर टेप लावून केलं होतं. मग मध्यरेषा, निदान रेषा आणि बोनस रेषा आखायच्या. एका बाजूनं सात जण खेळतात आणि पाच राखीव बसतात, म्हणजे टीम बारा जणांची. हे बारा नीट लक्षात ठेवा.

मी आज तुम्हांला सांगणार आहे २०२३-२४ च्या हंगामाची गोष्ट. त्या वर्षी सातवीच्या मुलींनी एक वही घातली. वहीत प्रत्येक सामन्याची नोंद : तारीख, गाव, गुण, चढाईत कोण बाद झालं, पकड कुणी केली. वही लिहिण्याचं काम एका मुलीकडे होतं. तिचा मोठा भाऊ टीममध्ये डाव्या कोपऱ्यावर खेळायचा. ती इतकी काटेकोर, की भाऊ चुकून रेषेबाहेर गेला तरी 'स्वतःहून बाद' असं ठळक अक्षरांत लिहायची!

डिसेंबरातल्या पहिल्याच स्पर्धेत आपली टीम पहिल्याच सामन्यात हरली. दुसऱ्या स्पर्धेत दोन सामने जिंकून तिसरं बक्षीस मिळालं. संक्रांतीच्या सुमारास तिसरी स्पर्धा झाली. तिथं तर टीम थेट अंतिम सामन्यात पोचली आणि चार गुणांनी हरली. तरी रात्री दोन वाजता ट्रॅक्टर गावात शिरला तेव्हा आयाबाया उठून बाहेर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात निम्मी मुलं पेंगत होती. मी काही रागावले नाही.

पण संक्रांत झाली की आमच्याकडे दुसराही एक हंगाम सुरू होतो. धानाचं काम संपलेलं असतं, हाताला काम नसतं. मग गावातली माणसं मिरची तोडायला शेजारच्या तेलंगणात जातात. कुणी महिनाभरासाठी, कुणी दोन महिन्यांसाठी. कधी लेकरंही बरोबर जातात, आणि हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. त्या वर्षी आमच्या बारांतले पाच खेळाडू गेले. वही लिहिणाऱ्या मुलीचे आईबाबाही निघाले होते. आम्ही दोघं शिक्षक घरी जाऊन बोललो. आजी म्हणाली, "पोरगी राहू द्या माह्यापाशी. तिची शाळा बुडाया नोको." ती राहिली. भाऊ मात्र गेला.

आणि फेब्रुवारीतली शेवटची मोठी स्पर्धा तोंडावर आली. खेळाडू उरले सात. राखीव एकही नाही!

हनुमानाच्या पारावर बैठक बसली. एक दादा म्हणाला, "शहरातले दोन चढाईपटू आहेत. त्यांना पैसे देऊन आणू. जिंकलो तर बक्षिसातून पैसे निघतात." त्याचं बोलणं काही वाईट नव्हतं. पैशाच्या स्पर्धांत पुष्कळ संघ असंच करतात, आणि भाड्यानं खेळणारा खेळाडूही आपल्या कष्टाचंच खातो. पण पारावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "हारले तं हारले, पन आपलेच पोट्टे खेळतीन." पोट्टे म्हणजे पोरं. बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं, सातच जण जातील.

दुसऱ्या दिवशी एका मुलानं मला वर्गात विचारलं, "मॅडम, जिंकाचं असन तं भारी खेळाडू काहून नाई आणाचा?"

प्रश्न अगदी रास्त होता. मुलं मोबाइलवर प्रो कबड्डी बघत होती. २०१४ मध्ये ही लीग सुरू झाली, तेव्हापासून कबड्डीपटूंचा लिलाव होतो. त्याच हंगामासाठी, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरात, तेलुगू टायटन्स या हैदराबादच्या संघानं पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतलं होतं. कबड्डी खेळून एखाद्या घराचं भलं होतं, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण गंमत बघा, तो हंगाम संपला तेव्हा टायटन्सचा संघ गुणतक्त्यात तळाला होता. अजिंक्य ठरली पुणेरी पलटण. एक खेळाडू कितीही मोठा असो, बाकीचे सहा जण लागतातच. मुलांना हे पटलं. तरीही 'आपलेच पोट्टे का?' याचं उत्तर त्यातून मिळालं नव्हतं. म्हणून मी त्यांना फार दूरच्या एका गावाची गोष्ट सांगितली. तीच आता तुम्हांलाही सांगते.

युरोपात आयर्लंड नावाचं बेट आहे. तिथला स्वतःचा खेळ आहे गेलिक फुटबॉल. एका बाजूला १५ खेळाडू असतात. चेंडू पायानं मारता येतो आणि हातानंही धरता येतो. या खेळांची मोठी संघटना १८८४ साली स्थापन झाली. संघटना एवढी मोठी, पण खेळाडूंना खेळण्याचा पगार नाही! कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी सुतार. दिवसभर काम करायचं आणि संध्याकाळी सराव. ज्या गावात वाढलात, त्या गावच्या क्लबकडून खेळायचं, ही तिथली रीत. क्लब आधी आपल्या परगण्यात जिंकतो, मग प्रांतात. प्रांत चार आहेत. त्या चार प्रांतांचे विजेते अखिल आयर्लंड क्लब स्पर्धेत भिडतात. ही स्पर्धा १९७०-७१ पासून चालू आहे. अंतिम सामना होतो डब्लिन शहरातल्या क्रोक पार्कवर. ८२ हजार माणसं मावतील एवढं ते मैदान!

डेरी परगण्यात मॅहेरा नावाचं एक छोटंसं गाव आहे. त्याचा क्लब ग्लेन. जानेवारी २०२३ मध्ये ग्लेन अंतिम सामन्यात पोचला. समोर डब्लिनचा बलाढ्य किलमकड क्रोक्स. ग्लेन दोन गुणांनी हरला. पण नंतर लक्षात आलं, की शेवटच्या क्षणी समोरच्यांचे १५ पेक्षा जास्त खेळाडू मैदानात होते! तक्रार झाली. सामना पुन्हा खेळवावा असा निर्णय झाला, त्यावर अपील झालं. शेवटी ग्लेननंच त्या वादातून अंग काढून घेतलं. चषक डब्लिनकडेच राहिला.

तुम्ही असता तर काय केलं असतं? रुसला असता ना? ग्लेनची मुलं पुन्हा सरावाला लागली. पुढच्या हंगामात त्यांनी उपांत्य सामन्यात त्याच किलमकडला हरवलं, आणि २१ जानेवारी २०२४ रोजी क्रोक पार्कवर सेंट ब्रिजिड्स या क्लबशी अंतिम सामना खेळला. त्या वेळी या खेळात एका गोलाचे ३ गुण मिळायचे, आणि गोलाच्या आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर १ गुण. ग्लेनचे २ गोल आणि वर १० गुण. ब्रिजिड्सचा १ गोल आणि वर १२ गुण. करा बरं हिशेब! १६ विरुद्ध १५. सामना संपत आला असताना केलेल्या गोलामुळे ग्लेन एका गुणानं जिंकला.

गोष्ट संपल्यावर वही लिहिणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, मंजे थे बी आपलेच पोट्टे घेऊन खेळले!"

मलाही तेच सांगायचं होतं. ज्यांच्याबरोबर आपण धान कापतो, शाळेत जातो, त्यांच्यातूनच टीम व्हायची, म्हणजे आहेत त्यांनाच तयार करावं लागतं. कच्च्या खेळाडूला बाजूला सारून दुसरा आणता येत नाही. त्याला शिकवावं लागतं, आणि तो चुकला तरी दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरावरून जावं लागतं. हे अवघड असतं. हरण्याची तयारीही ठेवावी लागते.

आणि आमचे सात जण हरलेच. पहिला सामना जिंकले. दुसऱ्यात एकाचा पाय मुरगळला. बदली खेळाडू नाही, म्हणून तो लंगडत तसाच उभा राहिला. सामना गेला ३१ विरुद्ध २९ असा. पण त्या रात्री एक गोष्ट घडली, ती वहीतही आहे. मैदानाच्या कडेला एक जण पूर्ण वेळ मोबाइल उंच धरून उभा होता. तेलंगणातल्या मिरचीच्या शेतात, पालाच्या बाहेर बसून, आपले पाचही जण लाउडस्पीकरवरचं वर्णन ऐकत होते! मुलीनं त्या पानावर खेळाडूंची नावं लिहिली, ती बाराच्या बारा. मी विचारलं, "अगं, खेळले तर सातच ना?" ती म्हणाली, "पाच राखीव होते, मॅडम."

पुढच्या दिवाळीनंतर पाचांतले चार जण पुन्हा मैदानात उतरले. पाचवा तिकडेच गाडी चालवण्याच्या कामाला लागला. त्याच्या जागी दहावी झालेला एक मुलगा आला. पाय मुरगळलेला दादा त्याला डाव्या कोपऱ्यावरून घोटा कसा धरायचा ते शिकवत होता. आणि दुपारी मैदान रिकामं असतं, तेव्हा आता आमच्या मुली त्यावर सराव करतात. बायकांच्या राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५५ पासून होतात, हे कळल्यावर त्यांनी मला स्पष्टच विचारलं, "मंग आमचा कागद कधी लागन?" तालुक्याला मुलींचे सामने ठरले, की त्यांचं नाव द्यायचं आम्ही ठरवलं आहे. सध्या नऊ जणी आहेत. अजून तीन हव्यात.

बालमित्रांनो, तुमच्या गावची, गल्लीची टीम असेलच. कबड्डीची असो, खो-खोची असो की क्रिकेटची. तिची एक वही घाला. गुण लिहा, पण त्याबरोबर मैदान कुणी आखलं, पाणी कुणी आणलं, कोण कामाला बाहेरगावी गेलं, तेही लिहा. आणि आईबाबांनो, कामासाठी गाव सोडावं लागलं आणि घरी आजी-आजोबा, काका-काकू असतील, तर लेकराला शाळेजवळ ठेवता येईल का, एवढं शिक्षकांशी जरूर बोलून बघा. मुलांनो, वही झाली की मला कळवाल ना? आमच्या मुली तुमचे गुण तपासायला अगदी तयार आहेत!